गॅरेजसमोर पायउतार

नाक्यावर आला की तो स्कूटर बंद करायचा. चांगली चालणारी स्कूटर बरं का, काही बिघडलेलं नाही. खाली उतरायचा, दोन्ही मुठी धरायचा आणि मान खाली घालून पास्कलच्या गॅरेजसमोरून ती ढकलत न्यायचा. गॅरेज मागे पडलं की पुन्हा किक मारायची आणि बसून पुढे. जाताना तसंच, येताना तसंच.

गल्लीत नवीन राहायला आलेलं कुणीतरी विचारायचंच, "काका, पेट्रोल संपलं का?"

"नाय रे. चालायला सांगितलंय."

"डॉक्टरने?"

"तसंच समज."

मी समोरून बघत असायचे. माझं पोळी-भाजी केंद्र नाक्यावर, पास्कलच्या गॅरेजच्या बरोब्बर समोर. पोळ्या लाटता लाटता नाहूरच्या या गल्लीत कोण कधी आलं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं दिसतं मला. बघायला जावं लागत नाही. तुमच्या नाक्यावरही असेल अशी एखादी बाई, विचारून बघा.

त्याचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला पेंटरच म्हणायचो. गल्लीच्या आत त्याची पत्र्याची शेड होती, तिथे तो गाड्या रंगवायचा. मूळचा मालवणचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर याने रंगाची बंदूक हातात धरली. रंगवायचा मात्र असा, की गाडीवर बसलेली माशी घसरून पडावी. आणि तोंड तर त्याहून चकचकीत. "दिसत नाय ना? मग तिथे आधी रंग," हे त्याचं पेटंट वाक्य. मडगार्डच्या पोटाला, डिकीच्या आत, सीटच्या खाली, जिथे देवसुद्धा वाकून बघणार नाही तिथे हा तीन तीन हात मारायचा. एकदा मी म्हटलं, "पेंटर, तिथे कोण बघतंय?" तर म्हणाला, "मी बघतंय ना वैनी."

इंजिनातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, कारण तो कधी तसं बोललाच नाही. लोक विचारायचे, "पेंटर, गाडी आवाज करतेय, काय झालं असेल?" हा डोळे मिटून आवाज ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "पास्कलकडे ने. त्याला सांग, मी पाठवलंय." की झालं याचं निदान.

पास्कल इथल्या जुन्या गावठाणातला. क्रुसाच्या खांबाशेजारी घर आणि नाक्यावर गॅरेज. बोलायला कंजूष, पण हात सोन्याचा. दोघांची मैत्री माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. दसऱ्याला पास्कलच्या गॅरेजात हत्यारांची पूजा व्हायची ती पेंटरच्या हातून. पास्कल म्हणायचा, "नारळ तू फोड, मी मेणबत्ती लावतो." पाने-स्क्रू ड्रायव्हर धुऊन मांडलेले, त्यांना झेंडूची फुलं, शेजारी मेणबत्ती. गल्लीतल्या सगळ्या गाड्या तिथेच यायच्या हार घालून घ्यायला. प्रसादाचं खोबरं मी किसून घ्यायचे.

तर या पेंटरने कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याकडून एक जुनी स्कूटर उचलून आणली. हाताने गिअर बदलायची, आता रस्त्यावर दिसत नाहीत तसली. आणली तेव्हा तिच्यात मांजर व्यायली होती. त्याने पिल्लं मोठी होईपर्यंत थांबून मग गाडी खोलली. इंजिन आणि कार्बोरेटर पास्कलने करायचं, बाकी सगळं याने. वर्षभर चाललं होतं. आम्हाला वाटलं, हा म्हातारा होईल पण ही गाडी होणार नाही. आणि एक दिवस शेडमधून बाहेर काढली. पिस्ता रंग! अगं बाई, काय रंग होता तो. मी पिठाच्या हाताने बाहेर आले आणि हात लावायची हिंमत झाली नाही.

"पाडव्याच्या शोभायात्रेत काढणार," तो म्हणाला. "पोरगी चालवेल. नऊवारी नि फेटा बांधून, सगळ्यांच्या पुढे."

त्याला ती एकच मुलगी. आई लहानपणीच गेलेली, यानेच वाढवलेली. मुलगी आणि स्कूटर, दोघींनाही मिरवायचं होतं त्याला, त्यात चूक काय?

पण स्कूटर एक नखरा करायला लागली. पास्कलच्या गॅरेजात झकास चालायची. पास्कल पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला ठेवायचा, वर एक प्लास्टिकची बाटली टांगायचा, तिच्यातून नळीने कार्बोरेटरला पेट्रोल द्यायचा आणि तासभर तिला धडधडत ठेवायचा. काही नाही, एकदम फर्स्ट क्लास. टाकी बसवून पेंटर घेऊन गेला की स्टेशनच्या वळणाशी फट्‌ फट्‌ करून बंद. मग ढकलत नाक्यावर.

आणि नाक्यावर बंद गाडी आली की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. जो तो मेकॅनिक.

"प्लग काढ, काळा झाला असेल."

"चोक ओढून मार रे."

"पेट्रोल तरी आहे का? झाकण उघडून बघ आधी."

"तिरकी कर यार, तिरकी! कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरू दे."

मग सीट वर व्हायची, झाकण उघडायचं, चार डोकी टाकीत वाकून बघायची. पेट्रोल असायचंच. झाकण लावायचं, दोघं मिळून स्कूटर आडवी करायची, सरळ करायची, किक मारायची. सुरू! ज्याने तिरकी करायला सांगितलं तो कॉलर ताठ करून घरी जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा वळणाशीच.

पास्कलने कार्बोरेटर किती वेळा खोलला देव जाणे. जेट फुंकून साफ केला, फ्लोट बदलला, प्लग नवा घातला. "माझ्याकडे तर चालते रे," एवढंच म्हणायचा आणि डोकं खाजवायचा.

पाडव्याच्या दिवशी मी श्रीखंडाच्या ऑर्डरीत बुडालेली. तरी यात्रा आली तेव्हा पळत पळत कोपऱ्यावर गेले. पोरगी काय दिसत होती! केशरी फेटा, नाकात नथ, खाली पिस्ता स्कूटर. पेंटर बाजूने चालत होता, छाती अशी की शर्टाची बटणं तुटावी. टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती त्याने, मध्येच पेट्रोल संपायला नको म्हणून.

वळणापर्यंतसुद्धा पोचली नाही.

भर यात्रेत, ढोल मागे वाजताहेत, मागच्या गाड्यांवरच्या मुली हॉर्न मारताहेत, आणि ही किकवर किक मारतेय. नऊवारीत किक मारून बघा कधी. कुणीतरी ओरडलं, "पेंटर, रंगाने चालत नाय गाडी!" आणि सगळे हसले. शेवटी ढोलपथकातल्या दोघांनी स्कूटर बाजूला ओढली आणि यात्रा पुढे गेली. पोरगी काष्ट्याला काळं ऑइल लागलेलं घेऊन परत आली, नथ मुठीत धरलेली. रडत नव्हती. बापाला म्हणाली, "जाऊ दे ना पप्पा."

पण पप्पा तिच्याकडे बघतच नव्हते. सरळ पास्कलसमोर जाऊन उभे. पास्कल सुट्टी असूनही गॅरेज उघडून बसला होता, स्कूटर परत येईल तेव्हा सगळे पेढे खातील म्हणून.

"तुझ्याकडे चालते आणि माझ्याकडे बंद पडते काय?" पेंटर ओरडला. अख्खा नाका थांबला. "ओरिजनल कार्बोरेटर काढलास ना? बाहेरच्या देशाचा शिक्का होता त्याच्यावर! कोणाला विकलास? डुप्लिकेट घालून दिलास मला!"

"उघडून बघ," पास्कल म्हणाला. "तोच आहे."

"मला काय कळतंय त्यातलं? म्हणून तर फसवलास! चोर साला!"

वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं आणि त्याला कळलंही नाही. पास्कलने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि शटर खाली ओढलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण नाक्यावर एकदा चोर म्हटलं की ते पुसायचं कुणी? तिसऱ्याच दिवशी एकाला आठवलं, की माझ्या बाइकचा कार्बोरेटर पण पास्कलने उघडल्यापासून ॲव्हरेज देत नाही. दुसऱ्याला आणखी काही आठवलं. पेंटर म्हणतोय म्हणजे असणारच, त्याची तर जिगरी दोस्ती. लोक गाड्या मुलुंडला न्यायला लागले. मी एक-दोघांना झापलं, पण माझं कोण ऐकतंय, मी पोळीवाली. पास्कल स्टूल टाकून बसून राहायचा. दुपारचा डबा माझ्याकडून जायचा त्याला, त्यातल्या पोळ्या त्याने कमी करायला सांगितल्या. म्हणाला, "काम नाही तर भूक पण नाही लागत गं."

आणि आता ऐका काय झालं ते. गणपती जवळ आले होते. मी डबा द्यायला पेंटरच्या शेडमध्ये गेले. तो नुकताच स्कूटर ढकलत आणून घामाघूम बसला होता. म्हणाला, "वैनी, जरा सीट धरून ठेव, पेट्रोल बघतंय." मी सीट वर धरली. त्याने झाकण पिळलं तर ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फुस्स करून उघडलं.

मला हसूच आलं. "अहो, माझ्या डब्यासारखं झालं की हे! गरम भाजी भरून झाकण गच्च लावलं, की गार झाल्यावर उघडतच नाही. आत हवा जायला जागाच नसते ना."

मी आपली सहज बोलले. पण त्याचा हात तसाच राहिला. झाकण उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. आतून बाहेरून पिस्ता रंग, गुळगुळीत, तीन हात मारलेले. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक खळगा. रंगाने बुजलेलं भोक पेंटरला ओळखता येत नाही असं होईल का?

"पिन आहे काय?"

बांगडीत सेफ्टीपिन होती ती काढून दिली. त्याने खळग्यात टोचली. रंगाचा एक बारीक कण निघून त्याच्या तळहातावर पडला आणि त्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला. टाकीत हवा जायचं भोक होतं ते. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. नाक्यावर कुणीतरी झाकण उघडायचं, हवा आत जायची, गाडी सुरू व्हायची आणि श्रेय तिरकी करणाऱ्याला! पास्कलकडे तर टाकीच नव्हती, नुसती उघडी बाटली.

झाकण लावलं, किक मारली, गेला. मी वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने आला.

"कुठवर गेलात?"

"देवनारपर्यंत."

"बंद पडली?"

"एकदा पण नाय."

चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नाही. पायरीवर बसला, तो कण अजून चिमटीत धरलेला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. पोरीसमोर, अख्ख्या यात्रेसमोर झाला नव्हता इतका लाल झाला होता तो माणूस, एकट्या माझ्यासमोर.

"माझ्याच रंगान मारल्यान तिका," तो म्हणाला. मग हळूच, "वैनी, कोणाक सांगू नको."

माझं डोकंच फिरलं. "सांगू नको? तिकडे तो माणूस माशा मारत बसलाय! दसऱ्याच्या आत तुम्ही बोला. नाहीतर मी भोंगा लावून सांगेन. माझी जीभ कशी आहे माहीत आहे तुम्हाला."

माहीत होती. म्हणून तो मोदक घेऊन पास्कलच्या घरी गेला. पास्कलने मोदक घेतले, बसायला खुर्ची दिली. याने "अरे, स्कूटरचं म्हणजे..." म्हणून सुरुवात केली तर पास्कलने हात वर केला. "स्कूटरचं असेल तर घरात नको. जिथे बोललास तिथे बोल."

झालं. आता नाक्यावर बोलायचं. रोज यायचा बिचारा. आला की पास्कलसमोर उभा राहायचा. तोंड उघडायचा, बंद करायचा, आणि म्हणायचा, "ब्रेक वायर आहे काय?" पास्कल ब्रेक वायर द्यायचा. हा घेऊन निघून जायचा. त्याच्या शेडमध्ये ब्रेक वायरींचा एवढा ढीग झाला की पोरगी मला विचारायला आली, "काकू, पप्पांनी दुकान बदललं का?" मी तिला काही सांगितलं नाही. हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. एवढा बोलघेवडा माणूस, त्याला एक वाक्य उचलत नव्हतं.

दसरा उजाडला. पास्कलने गॅरेज धुतलं, हत्यारं मांडली, मेणबत्ती लावली. नारळ नव्हता. हार घालायला गाड्याही मोजक्याच आल्या, बाकीचे नुसते उभे राहून बघत होते. आणि पेंटर आला, स्कूटर घेऊन, बसून. गॅरेजसमोर थांबला, इंजिन चालूच. हातरुमालातून त्याने दुसरं झाकण काढलं. तसंच दुसरं त्याने मिळवलं होतं आणि तसंच रंगवलं होतं, भोक बुजवून. ते टाकीला लावलं आणि स्कूटर तिथल्या तिथे चालत ठेवली.

"काय चाललंय पेंटर?"

"थांबा जरा."

थांबलो. त्याने अॅक्सिलरेटर पिळून धरला होता, धूर नाका-तोंडात जात होता. मग फट्‌, फट्‌, आणि बंद.

लगेच आमची मंडळी पुढे. "तिरकी कर, तिरकी!"

"हात लावू नका कोणी!" तो ओरडला. पाडव्याला ओरडला होता तसाच, पण आवाज फाटला. झाकण फुस्स करून काढलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "ह्याला हवेचं भोक असतं. मी रंग मारून बुजवलं. मी. पास्कलने काय काढलं नव्हतं, काय विकलं नव्हतं. मी त्याला चोर बोललो, इथेच उभा राहून. मला इंजिनातलं काय कळत नाय. कधीच कळत नव्हतं."

आणि नुसता उभा राहिला. हात वर तसाच, झाकण धरलेला.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. ज्यांनी गाड्या मुलुंडला नेल्या होत्या त्यांना तर कुठे बघावं कळेना.

पास्कल उठला, झाकण त्याच्या हातातून घेतलं, उलटं करून बघितलं, बोट फिरवलं.

"फिनिशिंग चांगलं आहे," म्हणाला. आणि मग, "नारळ आणलास?"

नव्हता आणला. आपल्याला फोडू देतील असं त्याला वाटलंच नव्हतं. मी धावत जाऊन माझ्या फडताळातला आणला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण गेलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. माणसं एकदा दुसरीकडे रुळली की रुळली. पास्कलने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या स्टूलावर बसण्याच्या वेळा काही कमी झाल्या नाहीत, आणि डब्यातल्या पोळ्याही वाढल्या नाहीत. पेंटरला ते दिसत होतं. त्या दसऱ्यापासून तो पास्कलच्या गॅरेजसमोरून कधी बसून गेला नाही.

त्या स्कूटरच्या झाकणाचा रंगही त्याने घासून काढला. सगळी गाडी पिस्ता, चकाचक, आणि सीटखाली एक उघडं, खरबरीत पत्र्याचं झाकण. "तिथे रंग नाय?" असं कुणी विचारलं की सीट वर करून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायचा. पास्कलला लाज वाटायची ऐकून, पण याची सांगून फिटत नव्हती.

पास्कल समोरून ओरडायचा, "बसून जा रे! नाटकं नको!"

"पाय आहेत ना मला," हा मान वर न करता म्हणायचा आणि ढकलत जायचा. पुढे पुढे गुडघे दुखायला लागले तरी ढकलायचा. मी एकदा म्हटलं, "पेंटर, बस झालं आता. त्याने माफ केलं तुम्हाला."

"त्याने केलं गो," तो म्हणाला.

गेल्या थंडीत तो गेला. छातीचं दुखणं होतंच, आयुष्यभर रंगाचा फवारा श्वासातून आत गेलेला. मुलगी आता लग्न होऊन ठाण्याला असते. परवा ती स्कूटर न्यायला आली. पास्कलने आदल्या दिवशीच कार्बोरेटर साफ करून, प्लग पुसून तयार ठेवली होती. तिने पहिल्या किकमध्ये सुरू केली शेडपाशी. येताना आवाज ऐकला मी.

गॅरेजच्या अलीकडे आली आणि आवाज बंद झाला. मी बाहेर येऊन बघते तर पोरगी खाली उतरलेली. दोन्ही मुठी धरलेल्या, मान खाली, ढकलत चाललेली. बापाला इतकी वर्षं तसं बघितलेलं, तिला वाटलं असेल इथून असंच जायचं असतं.

"ए!" पास्कल स्टूलावरून उठलाच. त्याचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बस गाडीवर! बस म्हणतो ना!"

ती दचकून थांबली. "पप्पा तर नेहमी..."

"त्याचं राहू दे. तू बस." तो रस्त्याच्या मधोमध आला, स्कूटरचं हँडल धरलं, तिला बसवलं. मग स्वतः वाकून हाताने किक दाबली. सुरू झाली. "जा. गॅरेजसमोरून जा. जोरात जा."

ती गेली. पिस्ता रंग उन्हात लांबपर्यंत दिसला, मग वळणाशी दिसेनासा झाला. पास्कल तिथेच उभा होता, मी पोळपाट सोडून त्याच्या शेजारी. दोघंही ऐकत होतो. वळणाच्या पलीकडे आवाज चालूच होता.

"चालतेय रे," पास्कल म्हणाला. मला नाही, शेडच्या दिशेने बघून.